खतांचा हिशोब मांडणारा लीबिग नत्राला कुठे फसला?

दोन वर्षांपूर्वी मी काकांसाठी खताचा एक छोटा कॅल्क्युलेटर बनवला होता. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, शेती नाशिक जिल्ह्यात गावी, काका बघतात. एका रविवारी दुपारी बसून साठ-सत्तर ओळींचा कोड लिहिला. पीक निवडा, क्षेत्र टाका, माती परीक्षणाचे आकडे टाका, की किती गोण्या लागतील ते कळतं. संकरित मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश ही शिफारस. म्हणजे एकराला साधारण ४८ किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून १०५ किलो युरिया, ४५ किलोच्या सव्वादोन गोण्या आणि वर थोडा. गणित एकदम बरोबर.

काका युरिया नेहमी तीन वेळा विभागून द्यायचे. त्या वर्षी मजूर मिळेनात. त्यांनी फोन करून विचारलं, सगळा एकदम पेरणीलाच दिला तर चालेल का? मी कोड डोळ्यांसमोर आणला आणि सांगितलं, चालेल की, बेरीज तर तीच येते.

पेरणीनंतर अडीच आठवड्यांनी सलग तीन दिवस पाऊस लागला. आमची जमीन काळी, भारी. पाणी चार दिवस साचून राहिलं. पुढच्या आठवड्यात मक्याची खालची पानं शेंड्याकडून सुरू होऊन मधल्या शिरेच्या बाजूने पिवळी पडत गेली. काका मला काही बोलले नाहीत. गुपचूप युरियाच्या दोन गोण्या अजून आणल्या.

माझं नेमकं काय चुकलं ते शोधता शोधता मी युस्टुस फॉन लीबिगपाशी पोचलो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये लीबिग कंडेन्सर वापरला होता, तेवढीच ओळख (आणि तो कंडेन्सर मुळात त्याने शोधलेलाही नाही, फक्त लोकप्रिय केला). पण शेतीचा रासायनिक जमाखर्च मांडायला जगाला ज्याने शिकवलं तो हाच माणूस. माझ्यासारखीच चूक त्याने केली होती, फक्त खूप मोठ्या प्रमाणावर आणि स्वतःचं नाव लावून.

रंगाच्या दुकानातला मुलगा

लीबिगचा जन्म १२ मे १८०३ चा, जर्मनीतल्या डार्मश्टाटचा. वडील रंग, वॉर्निश, मीठ-मसाल्याची रसायनं असलं सामान विकायचे आणि त्यातलं बरंचसं घरच्याच कारखान्यात बनवायचे. पोरगा शाळेत रमला नाही, पण वडिलांच्या भट्टीपाशी रमला. शाळा अर्धवट सुटली. मग एका औषधविक्याकडे शिकाऊ म्हणून ठेवलं, तेही फार टिकलं नाही. स्फोटक फल्मिनेटचे प्रयोग करताना छप्पर उडवलं म्हणून हाकलला, अशी एक दंतकथा आहे. वडिलांना शिकवणीचे पैसे झेपेनात, हे कारण जास्त पटतं.

तो तेरा वर्षांचा असताना, १८१६ साली, युरोपात उन्हाळाच आला नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याची धूळ आणि गंधकाचे कण वातावरणात पसरले आणि पिकं गेली. जर्मनीत उपासमार झाली. ते बघून त्याने शेतीचं काही ठरवलं असेल असं मी म्हणणार नाही. पुढची पंचवीस वर्षं तर त्याने शुद्ध रसायनशास्त्रच केलं. पण भाकरी संपते म्हणजे काय, हे त्या पिढीला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

बॉन, मग एर्लांगेन अशी विद्यापीठं झाली. विद्यार्थी चळवळीत पोलिसांच्या नजरेत आला, तिथून निघाला आणि हेसेच्या ग्रँड ड्यूकने दिलेल्या पैशांवर १८२२ मध्ये पॅरिसला गेला. तिथे गे-ल्युसॅकच्या प्रयोगशाळेत मोजमापाची शिस्त लागली. १८२४ मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टच्या शिफारशीवर तो गीसेन या छोट्या गावातल्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. वय वर्षं २१.

गीसेनला त्याला सैनिकांच्या पहारेकऱ्यांची एक रिकामी इमारत मिळाली. तिथे त्याने जे उभं केलं ते आज आपल्याला इतकं नेहमीचं वाटतं की कोणीतरी ते पहिल्यांदा केलं असेल हे लक्षातच येत नाही. विद्यार्थ्यांनी बाकावर बसून नुसतं ऐकायचं नाही, हाताने प्रयोग करायचे, आणि सगळ्यांनी एकच पद्धत वापरून निकाल काढायचे. युरोपभरातून आणि अमेरिकेतून पोरं तिथे यायला लागली.

हे जमलं ते मुख्यतः एका उपकरणामुळे. १८३१ मध्ये त्याने काचेचा पाच फुग्यांचा एक त्रिकोणी नळा बनवला, कालिअपारात. पदार्थ जाळायचा, निघालेला कार्बन डायऑक्साइड या फुग्यांमधल्या पोटॅशच्या द्रावणात अडकवायचा, आधी आणि नंतर वजन करायचं. फरक म्हणजे पदार्थातला कार्बन. ज्या विश्लेषणाला आधी दिवसच्या दिवस जायचे ते साधारण हाताचा विद्यार्थीही पटापट करू लागला. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात हा नळा अजूनही आहे.

थोडक्यात, हवेत निसटणारा वायू पकडून त्याचं वजन करण्यात या माणसाचा हात धरणारा कोणी नव्हता. हे लक्षात ठेवा.

राखेतला हिशोब

१८३७ मध्ये तो इंग्लंडला गेला, लिव्हरपूलच्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात मिरवला, आणि १८४० मध्ये शेतीच्या रसायनशास्त्रावरचं त्याचं पुस्तक आलं. तोवर बहुतेक जाणकार मानायचे की झाड जमिनीतला ह्युमस, म्हणजे कुजलेला सेंद्रिय भाग, खाऊन वाढतं. लीबिगने हे मोडून काढलं. झाडाचा कार्बन हवेतून येतो. जमिनीतून येतात ती खनिजं. झाड जाळा, खाली उरेल ती राख. राखेत जे आहे तेच जमिनीने दिलं. पीक बाजारात गेलं की तेवढं जमिनीतून वजा झालं, आणि तेवढं परत घातलं नाही तर खातं एक दिवस रिकामं होणार.

याच्याच जोडीला न्यूनतमाचा नियम येतो: जे अन्नद्रव्य सगळ्यात कमी पडतंय त्यावर उत्पादन अडतं, बाकीची कितीही ओता. आपल्या भाषेत बॉटलनेक. सीपीयू अडलाय आणि तुम्ही रॅम वाढवताय. हा नियम लीबिगच्या नावावर चालतो, पण कार्ल श्प्रेंगेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तो १८२८ च्या सुमारासच मांडला होता. लीबिगने त्याला श्रेय देण्यात काही उदारपणा दाखवला नाही. एकूणच हा गृहस्थ भांडखोर होता. स्वतःच्या मासिकातून दुसऱ्यांवर असा तुटून पडायचा की मित्र फ्रीडरिश वोलर त्याला सबुरीने घ्यायला सांगत राहायचा.

आता राखेच्या हिशोबात एक भोक आहे. पालाश राखेत राहतं, स्फुरद राहतं, चुना राहतो. नत्र राहत नाही, ते जळताना वायू होऊन जातं. मग झाडातलं नत्र आलं कुठून? लीबिगने पावसाच्या पाण्यात अमोनिया शोधला, त्याला तो सापडलाही, आणि हळूहळू त्याचं मत पक्कं झालं की हवेतून पावसाबरोबर येणारा अमोनिया पिकाला पुरतो. शेतकऱ्याने खनिजं सांभाळावीत, नत्राचं निसर्ग बघून घेईल. पहिल्या आवृत्तीत तो नत्राबद्दल बराच सावध होता. पुढच्या आवृत्त्यांत सावधपणा गेला.

गंमत म्हणजे पदार्थातलं नत्र मोजायची सुटसुटीत पद्धत १८४१ मध्ये त्याच्याच गीसेनमध्ये विल आणि फारेनट्राप या दोघांनी तयार केली होती. मोजायचं साधन घरात होतं.

पेटंट खत

१८४५ मध्ये, ज्या वर्षी त्याला बॅरनची पदवी मिळाली त्याच वर्षी, लीबिगचं पेटंट खत बाजारात आलं. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलचे रसायन उद्योजक मसप्रॅट ते बनवत होते. खतात पालाश होतं, स्फुरद होतं, नत्र जवळपास नव्हतंच.

पण लीबिगला दुसरी काळजी होती, आणि ती काळजी मला फार जवळची वाटते. क्षार पाण्यात विरघळतात, पाऊस पडला की ते वाहून जातील, शेतकऱ्याचे पैसे पाण्यात. म्हणून त्याने पालाश आणि स्फुरद चुन्याबरोबर भट्टीत वितळवून जवळजवळ न विरघळणारं केलं. आज ज्याला आपण सावकाश सुटणारं खत म्हणतो, त्याची ही पहिली मोठी आवृत्ती.

खत सपशेल पडलं. शेतकऱ्यांनी पैसे मोजले, शेतात टाकलं, पीक जिथल्या तिथे. काचेसारखं झालेलं खत मुळांना मिळेना, आणि नत्र तर दिलेलंच नव्हतं. लीबिगने गीसेनबाहेर एक नापीक वाळूचा तुकडा विकत घेऊन स्वतः प्रयोग केले. काही वर्षांनी तिथे पीक यायला लागलं, पण काही वर्षांनी. शेतकरी एवढा थांबत नाही.

इकडे लंडनच्या उत्तरेला रॉथॅमस्टेड इथे जॉन बेनेट लॉझ नावाच्या जमीनदाराने १८४३ पासून ब्रॉडबॉक शेतात गव्हाचे प्रयोग सुरू केले होते. सोबत होता जोसेफ हेन्री गिल्बर्ट, ज्याने डॉक्टरेट गीसेनला लीबिगकडेच केली होती! त्यांनी शेताचे पट्टे पाडले. एका पट्ट्याला काहीच नाही, एकाला शेणखत, एकाला नुसती खनिजं, एकाला खनिजं अधिक अमोनियाचे क्षार. नुसत्या खनिजांनी गहू जेमतेम हलला. अमोनिया मिळाल्यावर शेणखताच्या तोडीस तोड आला. पुढे त्यांनी पावसातलं नत्रही मोजलं. गव्हाच्या गरजेपुढे ते फारच थोडं निघालं.

लीबिगने हे मान्य केलं नाही. दहा-पंधरा वर्षं दोन्ही बाजूंनी लेखांवर लेख. लॉझ स्वतः सुपरफॉस्फेट विकत होता, त्यामुळे तोही काही साधू नव्हता. पण आकडे त्याच्या बाजूचे होते.

माती काय धरते आणि काय सोडते

खरं उत्तर तिसरीकडून आलं. १८५० मध्ये एच. एस. थॉम्पसन आणि थॉमस वे या दोघा इंग्रजांनी दाखवलं की मातीतून अमोनियाचं द्रावण झिरपू दिलं तर खाली अमोनिया येतच नाही, माती तो धरून ठेवते आणि बदल्यात चुना सोडते. पालाशचंही तेच. आज आपण याला कॅटायन एक्स्चेंज म्हणतो. चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो, अमोनियम आणि पालाश यांच्यावर धनभार, म्हणून ते चिकटतात.

म्हणजे लीबिगने ज्या गोष्टी वाहून जाऊ नयेत म्हणून काच केली, त्या मुळात वाहून जाणाऱ्या नव्हत्याच. पालाश मातीने धरलं असतं, स्फुरद तर माती इतकं घट्ट पकडते की ते सुटतं कसं हाच प्रश्न असतो. हरवणारी गोष्ट वेगळीच होती आणि ती त्याने खतात घातलीच नव्हती.

अमोनियम मातीत फार दिवस अमोनियम राहत नाही. जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. हे जिवाणूंचं काम आहे हे १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी फ्रान्समध्ये दाखवलं. नायट्रेटवर ऋणभार, मातीवरही ऋणभार, त्यामुळे माती त्याला धरत नाही. पाणी खाली गेलं की तेही खाली. ब्रॉडबॉकच्या पट्ट्यांखाली १८४९ मध्ये निचऱ्याच्या नळ्या घातल्या होत्या. पुढे ऑगस्टस व्होएल्कर आणि एडवर्ड फ्रँकलंड यांनी त्या नळ्यांमधून येणारं पाणी तपासलं, तर त्यात नायट्रेट. अमोनियाचे क्षार शरद ऋतूत दिले, म्हणजे गहू लहान आणि पुढे ओला हिवाळा, तर वसंतात देण्यापेक्षा जास्त नत्र पाण्याबरोबर गेलं. खत तेच, बेरीज तीच, तारीख फक्त वेगळी.

हे वाचलं तेव्हा मला माझा फोनवरचा आवाज ऐकू आला.

काकांच्या मक्यात तर नायट्रेट खालीही गेलं नसणार, भारी जमिनीत निचरा कमी. तिथे दुसरं झालं. युरिया काही दिवसांत अमोनियम झाला, दोन-तीन आठवड्यांत त्यातला बराच नायट्रेट झाला, आणि नेमकं तेव्हा शेतात पाणी तुंबलं. मातीतली हवा संपली की काही जिवाणू श्वासासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात. नत्र वायू होऊन उडून जातं. बहुतेक साधा नायट्रोजन म्हणून, थोडं नायट्रस ऑक्साइड म्हणून, आणि तो हवामान तापवण्यात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी. युरिया ओल्या जमिनीवर नुसता फेकला तर तिसरी वाट असते, अमोनिया सरळ हवेत. जिथे जमीन हलकी, तिथे नायट्रेट विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची आपल्याकडची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. जगभरात पिकांना घातलेल्या नत्रातलं साधारण निम्मंच पिकात पोचतं, बाकीचं या वाटांनी जातं.

वायू पकडण्यात जगात अव्वल असलेल्या माणसाच्या हिशोबातून हाच वायू सुटला.

म्युनिकमधली शेवटची वीस वर्षं

१८५२ मध्ये लीबिग म्युनिकला गेला. शिकवण्याची दगदग कमी, लिहायला वेळ जास्त. १८६२ मध्ये त्याच्या शेतीच्या पुस्तकाची सातवी आवृत्ती आली. तीत त्याने पेटंट खताची चूक उघड कबूल केली. निर्मात्याने मातीत आधीच करून ठेवलेली सोय आपल्याला दिसली नाही आणि आपण ती सुधारायला निघालो, अशा अर्थाचं ते लिखाण आहे. एवढ्या मोठ्या नावाच्या माणसाने छापील पुस्तकात हे लिहिणं सोपं नव्हतं. नत्राच्या बाबतीत मात्र लॉझ आणि गिल्बर्ट बरोबर होते असं त्याने कधी मोकळेपणाने म्हटलं नाही.

त्याच आवृत्तीत तो इंग्लंडवर घसरला. देशोदेशीची हाडं आणि पेरूतला ग्वानो आणून शेतात घालायचा, त्यावर पिकलेलं धान्य शहरांनी खायचं, आणि मैला थेम्स नदीतून समुद्रात सोडायचा, याला तो लुटीची शेती म्हणायचा. लंडनचं सांडपाणी शेतात जावं म्हणून त्याने तिथल्या महापौरांशी पत्रव्यवहार केला. लंडनने गटारं बांधली ती नदीच्या मुखाकडेच नेली. मैला परत जमिनीत घालणाऱ्या चिनी आणि जपानी शेतकऱ्यांचं त्याला फार कौतुक. त्याच काळात उरुग्वेतल्या फ्राय बेंटोसमधून त्याच्या नावाचा मांसाचा अर्क जगभर विकला जात होता, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या कुरणांतली गुरं युरोपच्या सुपात. यातला विरोधाभास त्याला खुपला असेल असं दिसत नाही.

१८ एप्रिल १८७३ ला तो म्युनिकमध्ये गेला. त्यानंतर साधारण पंधरा वर्षांनी हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी सिद्ध केलं की कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात. हवेतून नत्र येतं, हे लीबिगचं म्हणणं एका कोपऱ्यात खरं निघालं. फक्त पावसातून नाही आणि गव्हाला नाही.

या हिशोबाचा एक धागा आपल्याकडेही आला. ब्रॉडबॉकचं पाणी तपासणाऱ्या व्होएल्करचा मुलगा जॉन ऑगस्टस व्होएल्कर १८८९ मध्ये सरकारच्या वतीने भारतातली शेती बघायला आला. १८९३ च्या त्याच्या अहवालात इथल्या शेतकऱ्याच्या मेहनतीबद्दल आदर आहे आणि एक खंत आहे: जळणाला लाकूड नाही म्हणून शेणाच्या गोवऱ्या थापून जाळल्या जातात. राखेच्या जुन्या हिशोबाने बघितलं तर यात काहीच बिघडत नाही, राख शेतात टाकली की झालं. पण नत्र चुलीच्या धुराबरोबर गेलेलं असतं.

माझ्या कॅल्क्युलेटरमध्ये आता स्फुरद आणि पालाश पूर्वीसारखंच आहे, पेरणीला एकदाच. नत्राचा भाग मी पूर्ण पुसून नव्याने लिहिला. तो आधी पेरणीची तारीख विचारतो, जमीन हलकी की भारी ते विचारतो, आणि तीन हप्ते काढतो. पुढच्या दोन दिवसांत मोठा पाऊस असेल तर थांबा म्हणतो, वापसा आल्यावर द्या आणि मातीआड करा म्हणतो. तिसऱ्या हप्त्याआधी पानाचा रंग तक्त्याशी जुळवून बघायला लावतो. भाताच्या शेतकऱ्यांसाठी निघालेला हा तक्ता मक्यालाही चालतो. २०१५ पासून देशात बनणारा सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो, तो नायट्रेट होण्याचा वेग कमी करतो. म्हणजे लीबिगची सावकाश सोडण्याची कल्पना शेवटी योग्य अन्नद्रव्याला लागली. पण तेवढ्यावर मी कोडमध्ये सूट दिलेली नाही. चार दिवस तुंबलेल्या पाण्यापुढे त्या लेपाचं किती चालणार?

काकांना हे सगळं दाखवलं तेव्हा त्यांनी मोबाईल हातात घेऊन तीन तारखा बघितल्या. त्यांच्या जुन्या तारखांपेक्षा दोन-तीन दिवसच इकडेतिकडे होत्या. यंदा तिसऱ्या हप्त्याच्या वेळी पानं तक्त्यावर चांगली गडद आली, म्हणून अर्धी गोणी दिलीच नाही. ती अजून ओसरीवर आहे, तोंड सुतळीने घट्ट बांधून.